साथीच्या काळात कुणाकडून काय मागायचं, आणि त्याला परत काय द्यायचं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात 'जागतिक साथी आणि नीतिमत्ता' या विषयावर प्रश्न पाठवा असं आवाहन केलं होतं. भरपूर पत्रं आली, काही तर चार-चार पानी. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, कारण बऱ्याच जणांनी घरातल्या आजारपणाबद्दल, मृत्यूबद्दल मोकळेपणाने लिहिलंय.

प्रश्न: साथ पसरू नये म्हणून एखादी अख्खी वस्ती बंद केली तर त्यात चूक काय? थोड्या लोकांच्या त्रासाने हजारो वाचत असतील तर एवढा काथ्याकूट कशाला करायचा?

तुमचा प्रश्न रास्त आहे. माणसाला घरात थांबवणं मुळातच अनैतिक आहे असं कुणी म्हणत नाही, ज्याच्यामुळे दुसऱ्याला लागण होऊ शकते त्याने काही दिवस वेगळं राहावं ही मागणी योग्यच आहे. पण 'थोडे लोक' म्हणताना ते थोडे कोण असतात ते जरा बघा, कारण जवळजवळ दरवेळी ते तेच असतात ज्यांच्याकडे साठवलेलं धान्य नसतं, बँकेत पैसे नसतात आणि ज्यांचा फोन कुणी मोठा माणूस उचलत नाही.

लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया इथलं ऑगस्ट २०१४ मधलं उदाहरण देतो. वेस्ट पॉइंट नावाची समुद्रालगतची अतिशय दाट वस्ती. इबोला या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची साथ जोरात होती. आधी तिथल्या एका शाळेत इबोलाच्या संशयित पेशंटसाठी केंद्र उघडलं, वस्तीला धड विचारलंच नाही, आणि बाहेरचे पेशंट आमच्याकडे का आणताय म्हणून लोक भडकले, केंद्र फोडलं, पेशंट पळाले, रक्त लागलेल्या गाद्यासुद्धा लोकांनी उचलून नेल्या. मग तीन-चार दिवसांत एका सकाळी लोक उठून बघतात तर वस्तीभोवती काटेरी तारा आणि बंदुकधारी शिपाई. रोज कमवून रोज खाणारी माणसं ही. आतल्या आत अन्नाचे भाव चढले, दगडफेक झाली, गोळीबार झाला, एक शाळकरी वयाचा मुलगा जखमी होऊन मेला, आणि साधारण १० दिवसांनी वेढा उठवावा लागला. आता सांगा, अशा वस्तीत घरात कुणाला ताप आला तर कोण स्वतःहून पुढे येऊन सांगेल?

त्याच सुमारास नायजेरियात लागोसमध्ये विमानाने एक आजारी प्रवासी उतरला होता. लागोस म्हणजे केवढं अवाढव्य शहर, सगळ्यांना वाटलं आता संपलं. पण तिथे संपर्कातल्या जवळपास ९०० लोकांची यादी केली आणि माणसं घरोघरी पाठवली, अशा १८,५०० च्या आसपास प्रत्यक्ष भेटी झाल्या. पूर्ण देशात मिळून २० पेशंट, ८ मृत्यू, ऑक्टोबरमध्ये देश इबोलामुक्त जाहीर झाला. काटेरी तारेपेक्षा हे काम कष्टाचं असतं, पण लोकांना त्यात पकडायचं नसतं, भेटायचं असतं.

म्हणून बंदी घालताना मी पाच गोष्टी विचारतो. खरंच गरज आहे का, यापेक्षा कमी जाचक उपायाने काम होईल का, किती दिवस, त्या दिवसांत खायला आणि बुडालेल्या मजुरीचे पैसे कोण देणार, आणि अन्याय झाला तर दाद कुठे मागायची. हे काही माझ्या मनचं नाही, मानवी हक्कांवर बंधनं कधी घालता येतात हे सांगणाऱ्या १९८४ च्या सिराक्युसा तत्त्वांमध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत याच धर्तीवर लिहिलंय. यातली चौथी गोष्ट सगळ्यात आधी विसरली जाते. न्यूयॉर्कची मेरी मॅलन आठवते का? स्वतः ठणठणीत पण टायफॉइडची वाहक, पेशाने स्वयंपाकीण. १९०७ ला तिला धरून बेटावर ठेवलं, १९१० ला सोडलं ते स्वयंपाक करायचा नाही या अटीवर. त्याबदल्यात धुण्याचं काम, ज्यात पैसे बरेच कमी. ती नाव बदलून परत स्वयंपाकाकडे वळली, पुन्हा लोक आजारी पडले, आणि १९१५ पासून १९३८ ला मरेपर्यंत ती बेटावरच राहिली. तिची चूक नव्हती असं मी म्हणत नाही, पण जिला पोट भरायचा मार्ग सोडायला लावला तिला तेवढ्याच पैशांचा दुसरा मार्ग दिला असता तर पुढचं बरंच टळलं असतं असं मला ठामपणे वाटतं.

प्रश्न: मी नर्स आहे. साथीत आम्हाला 'योद्धे' म्हणतात आणि मास्क मागितला की थांबा म्हणतात. पुरेसं संरक्षण नसताना ड्युटीला नकार दिला तर मी माझ्या पेशाशी बेइमानी करतेय का?

ताई, नाही. अगदी सरळ सांगतो, नाही.

तुमच्या पेशात धोका थोडा जास्त आहे हे तुम्ही शिक्षण घेतानाच मान्य केलंत आणि पेशंट संसर्गजन्य आहे एवढ्याच कारणावरून त्याला टाकून जाणं चूक आहे, हे तुम्हालाही पटेल. पण ही जबाबदारी एकतर्फी नाही. २००३ च्या सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत जगभरच्या पेशंटपैकी पाचव्या हिश्श्याच्या आसपास आरोग्य कर्मचारीच होते. तो आजार नवा आहे हे हनोईत ओळखून जगाला सावध करणारे डॉक्टर कार्लो उर्बानी स्वतः त्यातच गेले. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलात ५०० पेक्षा जास्त आरोग्य कर्मचारी दगावले, आणि ज्या देशांत मुळातच डॉक्टर-नर्स हाताच्या बोटावर मोजण्याइतके होते तिथे ते गेले, म्हणजे नंतर बाळंतपणाला आणि मलेरियालासुद्धा कुणी उरलं नाही.

सार्स टोरंटोतही फार पसरला होता, त्यानंतर २००५ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या बायोएथिक्स (वैद्यकीय नीतिशास्त्र) केंद्राने फ्लूच्या साथीसाठी नैतिक चौकट लिहिली, तिच्यात परतफेड हे एक मूल्य म्हणून स्पष्ट मांडलंय. म्हणजे समाज तुमच्याकडून जास्तीचा धोका मागतोय तर समाजाने तुम्हाला संरक्षक किट द्यायचं, ते घालायचं-काढायचं ट्रेनिंग द्यायचं (काढताना जास्त लागण होते, हे तुम्हाला माहितीच आहे), तुम्ही आजारी पडलात तर उपचार, आणि तुमच्या मागे घरच्यांची सोय. यातलं काहीच न देता फक्त टाळ्या वाजवणं ही परतफेड नाही. तुमची मागणी लेखी द्या, एकट्या देऊ नका, वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून द्या, आणि सफाई कामगार व अॅम्ब्युलन्स ड्रायव्हर यांनाही त्यात धरा कारण त्यांच्याकडे तर बघतच नाही कुणी.

प्रश्न: व्हेंटिलेटर एक आणि पेशंट दोन. डॉक्टरने कुणाला द्यायचा?

मार्च २०२० मध्ये इटलीतल्या भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेला यावर शिफारशी काढाव्या लागल्या, आणि त्यात वयोमर्यादेचा विचार करावा लागू शकतो असं होतं म्हणून वाद पेटला. माझं मत विचाराल तर बरं होण्याची शक्यता कुणाची जास्त हा वैद्यकीय निकष मान्य आहे, पण नुसतं वय, अपंगत्व, हुद्दा, ओळख, पैसा हे नाही. 'आधी आला त्याला' हे ऐकायला न्याय्य वाटतं पण त्यात हॉस्पिटलजवळ राहणारा, गाडी असलेला जिंकतो. आणि दुसरं म्हणजे हा निर्णय रात्री तीन वाजता उशाशी उभ्या असलेल्या एकट्या डॉक्टरवर टाकू नये, नियम आधी ठरलेले हवेत, लोकांना माहीत हवेत, आणि निर्णय उपचार न करणाऱ्या वेगळ्या गटाने घ्यावा. ज्याला व्हेंटिलेटर मिळाला नाही त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही, वेदना आणि धाप कमी करणारे उपचार आणि जवळच्या माणसाची सोबत हा त्याचा हक्क आहे.

प्रश्न: मी बायोटेकची विद्यार्थिनी आहे. माणसं पटापट मरत असताना औषधाची ट्रायल करणं, म्हणजे अर्ध्यांना औषध द्यायचं आणि अर्ध्यांना नाही, हे क्रूर नाही का? सरळ सगळ्यांना का देत नाहीत?

तुझ्या प्रश्नावर २०१४ मध्ये खूप मोठमोठी माणसं भांडली होती, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा झेडमॅप नावाचं इबोलावरचं प्रायोगिक औषध होतं, माणसांवर कधी न वापरलेलं, आणि डोस अगदी मोजके. सिएरा लिओनमध्ये डॉ. शेख उमर खान हे केनेमा हॉस्पिटलमधले इबोलाचे प्रमुख डॉक्टर स्वतः आजारी पडले. औषध त्यांच्या उपचार केंद्रात होतं. ते द्यावं का यावर डॉक्टरांची चर्चा झाली, साइड इफेक्ट होऊन ते गेले तर लोकांचा उरलासुरला विश्वास जाईल या भीतीने द्यायचं नाही असं ठरलं, आणि २९ जुलै २०१४ ला ते गेले. खुद्द त्यांना विचारलं गेलं नव्हतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेच औषध दोन अमेरिकन मदतकार्यकर्त्यांना मिळालं आणि ते जगले. साहजिकच आफ्रिकेत संतापाची लाट आली. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पॅनेलने सांगितलं की अशा परिस्थितीत सिद्ध न झालेलं औषध वापरणं नैतिक ठरू शकतं, पण पेशंटची संमती हवी, नोंदी हव्यात आणि जे कळेल ते जगाला सांगायला हवं.

मग सगळ्यांना झेडमॅपच का देऊ नये? तर पुढचं ऐक. २०१८ मध्ये काँगोत परत इबोला आला, नोव्हेंबरमध्ये चार औषधांची ट्रायल सुरू झाली. आता यात औषधाविना कुणालाच ठेवलं नव्हतं, प्रत्येकाला चारपैकी एक औषध आणि सगळ्यांना सारखीच नीट शुश्रूषा. ऑगस्ट २०१९ मध्ये मधला हिशोब बघितला तर दोन औषधं उघड पुढे होती, त्या गटांत मृत्यू ३५ टक्के किंवा त्याहून कमी, आणि झेडमॅपच्या गटात जवळपास ५० टक्के. ट्रायल तिथेच थांबवून चांगली दोन औषधं पुढच्या पेशंटना सुरू केली. म्हणजे ज्या औषधासाठी २०१४ मध्ये जग भांडत होतं ते मागे पडलं. ट्रायल नसती केली तर आपण आजही सगळ्यांना तेच देत बसलो असतो आणि वाटत राहिलं असतं की आपण दयाळूपणा करतोय. कोविडमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध असंच सरसकट दिलं गेलं, ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने २०२० मध्ये दाखवलं की अॅडमिट पेशंटना त्याचा उपयोग नाही, आणि त्याच ट्रायलने डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटतात हेही दाखवलं.

आणि ट्रायल म्हणजे अर्ध्यांना उपाशी ठेवणं असंच काही नसतं. २०१५ मध्ये गिनीत इबोलाच्या लसीसाठी वेगळीच रचना केली, पेशंट सापडला की त्याच्या संपर्कातल्यांचं एक कडं धरायचं, काही कड्यांना लस लगेच आणि काहींना २१ दिवसांनी. वंचित कुणीच नाही, फक्त वेळ पुढे-मागे. लगेच लस घेतलेल्यांमध्ये १० दिवसांनंतर एकही पेशंट निघाला नाही, तसं दिसताच उशिराचा गट बंद करून सगळ्यांना लगेच लस सुरू केली. तेव्हा ट्रायल क्रूर की नाही हे ती बांधणाऱ्यावर आहे, तू या क्षेत्रात जाणार आहेस तर हे नक्की लक्षात ठेव. आणि ट्रायल संपल्यावर ज्यांच्या अंगावर ती झाली त्यांना ते औषध मिळतंय का हे विचारल्याशिवाय सही करू नकोस.

प्रश्न: आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं कोविडमध्ये तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. हे खरंच गरजेचं होतं का?

तुमचं पत्र वाचून थोडा वेळ पुढे लिहवेना. तुमच्या घरी काय झालं, त्या वेळी तिथे काय शक्य होतं हे मला इथून सांगता येणार नाही, पण साथीत मृतदेहाबद्दल जग काय शिकलं होतं ते सांगतो, आणि ते कोविडच्या आधीच शिकलं होतं याचं मला फार वाईट वाटतं.

इबोलात मृतदेहातून लागण होते, ते खरं. म्हणून मन्रोव्हियात २०१४ मध्ये दहन सक्तीचं केलं, जिथे दफनाचीच रीत आहे आणि पूर्वजांच्या कबरीवर जाणं पवित्र मानतात. लोकांनी आजारी माणसं लपवली, रात्री गुपचूप पुरली, आणि साथ उलट वाढायला मदत झाली. वर्षअखेरीस जागा शोधून दफन परत सुरू केलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'सुरक्षित आणि सन्मानपूर्वक' दफनाची पद्धत आणली. कुटुंबाला आधी विचारायचं, त्यांचे धर्मगुरू बोलवायचे, लांबून प्रार्थना करू द्यायची, कबरीवर नाव लावायचं. गिनीत एक गरोदर बाई इबोलाने गेली तेव्हा तिथल्या किसी समाजाच्या रीतीप्रमाणे बाळ पोटात ठेवून आईला पुरता येत नव्हतं, आणि शस्त्रक्रिया करणं म्हणजे करणाऱ्याचा जीव धोक्यात. समाज अडून बसला होता. तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ वडीलधाऱ्यांशी बोलल्या, त्यांच्याच परंपरेत अशा दोषाच्या परिमार्जनाचा एक विधी आहे हे शोधलं, तो विधी केला, खर्च संघटनेने उचलला, आणि दफन सुरक्षितपणे झालं.

म्हणजे मार्ग निघतो. काच लावून दाखवता येतं, लांबून दर्शन देता येतं, एका माणसाला किट घालून आत नेता येतं. 'नियम आहे' म्हणून दार लावून घेणं सोपं पडतं म्हणून होतं ते. तुमचा राग अनाठायी नाही.

प्रश्न: पॉझिटिव्ह आलेल्यांची नावं जाहीर केली तर बाकीचे सावध होतील ना?

नाही होणार, लपवतील. दक्षिण कोरियात २०२० मध्ये पेशंट कुठे-कुठे गेला याचा तपशील जाहीर करायचे, नाव नसलं तरी लोक ओळखायचे. मे महिन्यात सोलमध्ये समलैंगिक लोकांच्या क्लबशी जोडलेली साथ निघाली आणि घरी-ऑफिसात कळेल या भीतीने लोक टेस्टला येईनात, शेवटी निनावी टेस्ट सुरू करावी लागली, आणि मग आले. जागा आणि वेळ सांगा, माणूस सांगू नका. आणि साथीसाठी घेतलेला डेटा साथीसाठीच वापरा, सिंगापूरमध्ये ट्रेसिंग अॅपचा डेटा पोलीसही घेऊ शकतात हे जानेवारी २०२१ मध्ये बाहेर आल्यावर लोक दुखावले आणि सरकारला घाईने कायदा करून त्या वापरावर मर्यादा घालावी लागली.

प्रश्न: नवीन विषाणू सापडला की देश माहिती का दडवतात? हा माणुसकीविरुद्ध गुन्हाच नाही का?

दडवणं चूकच आहे, आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे अशा घटनेचं मूल्यमापन झाल्यापासून २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. पण जे कळवतात त्यांचं काय होतं तेही बघू या.

नोव्हेंबर २०२१. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी कोविडचा एक नवा प्रकार, ज्याला पुढे ओमिक्रॉन नाव पडलं, तो झटपट ओळखून २५ तारखेला जगासमोर मांडला. त्याच दिवशी ब्रिटनने विमानं बंद करायची घोषणा केली, पाठोपाठ एकेक देशाने दारं लावली. नंतर नेदरलँड्समध्ये १९ नोव्हेंबरला घेतलेल्या सॅम्पलमध्येही तोच विषाणू निघाला, म्हणजे विमानं बंद व्हायच्या आधीच तो युरोपात होता! प्रामाणिकपणाची शिक्षा मिळाली ती दक्षिण आफ्रिकेला. त्याच देशातल्या लोकांनी अॅस्ट्राझेनेकाच्या लसीच्या ट्रायलमध्ये भाग घेतला होता, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यांना डोसमागे ५.२५ डॉलर सांगितले गेले, जेव्हा युरोपियन युनियनला साधारण २.१६ डॉलर पडत होते. कारण दिलं की युरोपने संशोधनात पैसे घातलेत. आणि ज्यांनी दंड पुढे केला त्यांनी काहीच घातलं नाही?

त्याच जानेवारी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस यांनी सांगितलं होतं की ४९ श्रीमंत देशांत ३ कोटी ९० लाख डोस देऊन झालेत आणि एका अतिगरीब देशात २५. पंचवीस हजार नाही, फक्त २५. एमपॉक्सचंही (म्हणजे पूर्वीचं मंकीपॉक्स) तसंच. काँगोत वर्षानुवर्षं तो आजार आहे, २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेत पसरला तेव्हा तिथे लस लगेच मिळाली, काँगोत पहिले डोस पोचायला सप्टेंबर २०२४ उजाडला.

इंडोनेशियाने हे फार आधी उघड बोलून दाखवलं. बर्ड फ्लूचे विषाणू ते जागतिक नेटवर्कला फुकट पाठवत होते, त्यांच्याच विषाणूवरून बाहेर लस बनतेय आणि ती आपल्या लोकांना परवडणार नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी सॅम्पल द्यायचं थांबवलं. लोकांनी शिव्या घातल्या. मला स्वतःला सॅम्पल अडवणं पटत नाही, त्यात धोका सगळ्या जगाला होता, पण तक्रार शंभर टक्के खरी होती, आणि त्यातूनच २०११ मध्ये फ्लूसाठी एक करार झाला ज्यात विषाणू वापरणाऱ्या कंपन्यांनी त्याबदल्यात लस किंवा इतर मदत द्यायची हमी आहे.

मे २०२५ मध्ये जिनिव्हात महासाथ करार मंजूर झाला, त्यात हेच तत्त्व सगळ्या महासाथींसाठी घेतलंय, करारात सामील होणाऱ्या कंपन्यांनी महासाथीत आपल्या उत्पादनाचा २० टक्के हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करून द्यायचं लक्ष्य, त्यातला निदान निम्मा दान म्हणून. पण विषाणू कसे द्यायचे आणि बदल्यात काय मिळणार याचे बारकावे वेगळ्या परिशिष्टावर ढकललेत, आणि करार लागू व्हायला ६० देशांची मान्यता लागते. तुम्ही दडवणाऱ्या देशांवर चिडलात ते बरोबरच आहे, फक्त तेवढ्याच जोराने या परिशिष्टाची चौकशी करा, कारण त्यात लेखी हमी नसेल तर पुढच्या वेळी विषाणू ओळखणारा शास्त्रज्ञ फोन उचलायच्या आधी आपल्या देशाची विमानं, निर्यात, पर्यटन सगळ्याचा विचार करेल, आणि त्यात आपले मोलाचे दिवस जातील.